अर्धी पपई

सत्यशीलानं पपई कापली तेव्हा दुपारचा एकही वाजला नव्हता. बाबांची पहिली पाळी दोनला सुटायची. कारखान्यातून सायकलनं वसाहतीतल्या सेक्टरपर्यंत यायला त्यांना पावणेतीन होत. वेळ भरपूर होता, आणि तिला तो हवा होता.

पपई क्वार्टरच्या मागच्या अंगणातली, आईनं लावलेल्या झाडाची. देठाशी अजून थोडी हिरवी होती, पण उद्यापर्यंत थांबता येणार नव्हतं. उद्या सकाळी सत्यशीलाची नागपूरची गाडी होती.

आई जाऊन तेरा दिवस झाले होते. बाबा चार दिवसांपासून ड्युटीवर जात होते. घरी येऊन ताटावर बसत आणि तसेच उठत. काल शेजारचे पंजाबराव दारातूनच सांगून गेले की, तुझ्या बापाला, बळीरामला बॅटरीवर चक्कर आली, कठडा धरून बसला होता. बॅटरी म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांची लांब रांग. तिच्या माथ्यावर बाबांचं काम. तिथे लाकडी तळाचे बूट घालावे लागत, साधे तळ वितळत. रिकाम्या पोटाच्या माणसानं तिथे उभं राहू नये, एवढंच बोलून पंजाबराव गेले.

आईच्या एका पत्रात ही कृती होती. तुह्या बाबाले उन्हाचं जेवण जात नाही, म्हणून पपई कुस्करते, साय टाकते, दूध-साखर टाकून रवीनं घुसळते. दोन मिन्टाचं काम आहे.

सत्यशीलानं बिया काढल्या. अर्धी पपई चाळणीखाली झाकून ठेवली, अर्धी पातेल्यात मुठीनं कुस्करली. सकाळच्या दुधावरची सगळी साय घातली. माठाखालच्या ओल्या वाळूत दुधाचं भांडं रुतवलेलं होतं, ते गार दूध घातलं, साखर घातली आणि रवी दोन्ही तळव्यांत फिरवायला लागली. केशरी फेस वर आला.

पलीकडच्या क्वार्टरमधल्या भागाबाईनं अंगणाच्या भिंतीवरून पाहिलं. बळीरामला यायला अजून कितीतरी वेळ आहे, म्हणाली. मग सत्यशीलाच्या आईची, रुक्माची आठवण काढून हसली.

"तुही माय त बुढा फाटकात आला का मंग धावपळ करे. माणूस घामानं निथळून राहिला, अन् हिची रवी आता फिरून राहिली. शेवटपर्यंत सुधरली नाही पाय."

सत्यशीलाही थोडं हसली. तिनं मोठा पितळी पेला काठोकाठ भरला, झाकण ठेवलं आणि वाळूत उभा केला. बाबांना थांबावं लागणार नव्हतं.

पावणेतीनला फाटक करकरलं. सायकलची घंटी वाजली नाही. बाबा सायकल हातानं ढकलत आत आले, भिंतीला टेकवून हातपाय धुतले आणि खाटेवर बसले. तिनं पेला त्यांच्या हातात दिला.

पहिल्या घोटाला ते थांबले. पेल्यात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. मग डोकं मागे टाकून सगळा पेला रिकामा केला आणि पंच्यानं मिशा पुसल्या.

तेरा दिवसांत त्यांच्यापुढचं भांडं पहिल्यांदा रिकामं झालं होतं. सत्यशीला पातेलं घासायला घेऊन गेली. तळाशी थोडं उरलं होतं, दह्यासारखं घट्ट. तिनं बोट लावून चाखलं आणि पातेलं हातात घेऊनच परत आली.

"बाबा, हे त कडूजहर झालं."

"हो."

"मंग कावून पेले तुमी?"

बाबांनी रिकामा पेला खाटेखाली सरकवला.

"तुह्या मायनं पयल्यांदा केलं, तवा बी असंच झालं होतं. सकाळीच घुसळून ठेवलं तिनं. मी येईन म्हणून."

"तिले काय म्हटलं?"

"काय म्हणणार. पेलो. तीन दिवस पेलो. चवथ्या दिवशी तिनं सोताच चाखून पायलं, अन् मंग मलेच शिव्या देल्ल्या."

त्यांच्या मिशा किंचित हलल्या. पपई आणि दूध एकत्र आलं की टिकत नाही, ते सांगू लागले, तासाभरात कडू होतं. तेव्हापासून रुक्मा सगळं मांडून बसायची आणि गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांच्या सायकलची घंटी ऐकली की मगच दूध ओतायची. भागाबाई तिला आळशी म्हणायची. तिनं कधी भागाबाईला खरं सांगितलं नाही.

बोलता बोलता ते चाळणीकडे पाहत राहिले.

"अर्धी उरली काय?"

"उरली."

"दूध?"

"आहे."

बाबा उठले. तिला वाटलं, हात धुवायला निघाले असतील. पण त्यांनी चपला घातल्या. सायकल भिंतीपासून निघाल्याचा आवाज आला, फाटक करकरलं, चाकं गल्लीतून दूर गेली. भागाबाईनं भिंतीवरून विचारलं, आत्ता त आला होता, बळीराम पुन्हा कुठं चालला?

सत्यशीलानं पातेलं विसळलं, उरलेली अर्धी पपई त्यात कुस्करली, साखर घातली. दुधाचं भांडं वाळूतून काढून डाव्या हाताशी ठेवलं, रवी उजव्या हाताशी. दूध ओतलं नाही.

मग ती स्वयंपाकघराच्या दारात, गल्लीकडे कान लावून बसून राहिली.

कोपऱ्यावर घंटी वाजली.