ज्याच्या हाती गज

“भांडा जी त्याइच्याशी, बोलतीन तरी,” फूलचंदची बायको देवमन मास्तरांना म्हणाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी हात टेकल्यापासून फूलचंद भिंतीकडे तोंड करून गप्प पडला होता. मास्तर त्याच्या कापडदुकानातला मापाचा लोखंडी गज घेऊन आले. दोन वर्षं तिथं रोज वाद चाले: गोलंदाज कोणाचे तेज, फूलचंदचे हॉल-ग्रिफिथ की मास्तरांचे लिली-थॉमसन? गज ज्याच्या हाती, त्यानंच बोलायचं. आणि फूलचंद तो कधी सोडतच नसे. मास्तरांनी गज त्याच्या मुठीत कोंबला. “तुह्या हॉलपेक्षा माह्या अनसिंगच्या शाळेतले पोट्टे जोरात फेकतेत!” फूलचंदनं डोळे उघडले. त्यानं गज हळूच मास्तरांच्या हातात ठेवला. “तुहंच खरं, देवमन.” गज फरशीवर आपटत मास्तर ओरडले, “खोटं हाय! हॉलच तेज होता! काहून हारून राह्यला बे तू?”