हात लावू नका

"नजर ठेवणाऱ्यानं नुसती नजर ठेवायची," खांबेटे सर म्हणाले आणि माझ्या स्क्रीनवर चिकटवलेल्या कागदाकडे त्यांनी बोट केलं: 'बघा, हात लावू नका.'

तीन वर्षांपूर्वी नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या आमच्या प्रोग्रामनं डेटात भलताच बदल केला आणि ॲम्ब्युलन्सला येणारे फोन चाळीस मिनिटं बंद पडले. चूक कुणाची, ते कधीच बाहेर आलं नाही. तेव्हापासून हा कागद सगळ्यांच्या स्क्रीनवर आहे.

"मग ॲम्ब्युलन्सचा फोन बाकीच्या फोनच्या गर्दीत अडकलेला दिसला तरी माझ्या नव्या प्रोग्रामनं बघत बसायचं?" माझा आवाज चढला. "सर, मी त्याला एकच गोष्ट बदलू देतेय, कुठला फोन आधी सोडायचा ती. दुसऱ्या कशालाही हात लावणारी ओळ त्यात असेल, तर ती तपासणीतच अडकेल, प्रोग्राम सुरूच होणार नाही. पटत नसेल तर तुम्हीच मोडून दाखवा." मी कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी एक लांबलचक ओळ टाइप केली. कुठे अडखळले नाहीत, कशात बघितलं नाही. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: 'परवानगी नाही.' त्यांनी तीच ओळ पुन्हा टाकली. पुन्हा लाल.

ती ओळ मी ओळखली. त्या चाळीस मिनिटांच्या अहवालात ती होती, फोन बंद पाडणारी ओळ म्हणून. अहवाल दहादा वाचूनही मला ती पाठ नव्हती.

सरांनी चष्मा पुसला, कागद उचकटून चुरगाळला आणि ते म्हणाले, "आजच चालू कर."