निम्मी लेकरं

“अपत्यं किती?” सुरभीनं विचारलं.

“एक,” भीमराज म्हणाला.

“चार,” शेजारच्या खुर्चीवरून सुखीबाई म्हणाली.

भीमराजनं बायकोकडं रोखून पाहिलं. तो बोलल्यावर चारचौघांत ती सहसा तोंड उघडत नसे.

“पोरगा एकच आहे मॅडम,” त्यानं खुलासा केला. “संजय. मेलबर्नले असते. बाकी तीन पोरी. त्या देऊन टाकल्या.”

यवतमाळात दत्त चौकाजवळ, मोबाइलच्या दुकानावर सुरभीचं ऑफिस होतं. परदेशी जाणाऱ्यांचे कागद तयार करून देणं हा तिचा धंदा. तिनं की-बोर्डवरची बोटं उचलली.

“काका, मग तुमचं अवघड आहे. आई-बापाला तिकडं कायमचं राहायचं असेल तर त्यांची निम्मी लेकरं तिकडं कायमची पाहिजेत. चारातला एक म्हणजे निम्मे होत नाहीत.”

“पण पोरी कायले मोजता तुम्ही?”

“मी कुठं मोजते? त्यांचं सरकार मोजतं.”

भीमराज हसला. एवढं शिकलेलं सरकार, आणि त्याला इतकी साधी गोष्ट कळू नये याचं त्याला नवल वाटलं. पण तो तांड्याचा माजी सरपंच होता. कागदावर कागद कसा टाकायचा हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं पिशवीतून हक्कसोडपत्राची नक्कल काढली. तिन्ही पोरींनी वडिलोपार्जित शेतीवरचा हक्क सोडून दिल्याचं, सही-शिक्क्यासकट.

“हे लावा. या पोरींचा आता माह्याशी काही संबंध नाही.”

सुरभीनं कागद वाचला. “यात पहिल्याच ओळीत लिहिलंय, भीमराज राठोड यांच्या मुली. हे लावलं तर त्यांना मोजायला अजूनच सोपं जाईल.”

सुखीबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसली की खोकली, ते भीमराजला कळलं नाही.

त्याची खरी पंचाईत वेगळीच होती. तांड्यात निरोपाचं जेवण घालून झालं होतं. बोकड कापले होते. शेत बटईनं देऊन टाकलं होतं. संजयनं पाठवलेला जाड कोट घालून तो भर उन्हात चावडीवर एक चक्करही मारून आला होता. आता ‘पोरी आड आल्या’ असं कोणत्या तोंडानं सांगायचं?

“काहीच इलाज नाही का?”

“एखादी मुलगी तिकडं जाऊन स्थायिक झाली तर चारातले दोन होतील,” सुरभी म्हणाली. “निम्मे.”

ती सहज बोलून गेली. भीमराज मात्र सुखीबाईला गावच्या गाडीत बसवून थेट कळंबच्या गाडीत चढला.

थोरली पुष्पा बोरी अरबला शेती करायची. मधली जया महागावला दिलेली; तिला तर त्यानं नववीतच शाळेतून काढलं होतं. कामाची उरली कळंबला दिलेली धाकटी उर्वशी. ती नर्स होती. लग्नाआधी तिला ऑस्ट्रेलियातून नोकरीचं बोलावणं आलं होतं. इंग्रजीची परीक्षाही ती पास झाली होती. भीमराजनं तेव्हा तिचा पासपोर्ट कपाटात टाकून कुलूप लावलं आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न उरकलं. पोरीच्या जातीला परदेश कशाला, असं तेव्हा त्यानं पंचांसमोर ठणकावून सांगितलं होतं. पंचांनी माना डोलावल्या होत्या.

सणवार नसताना बाप पेढे घेऊन दारात उभा पाहून उर्वशी दचकली.

“याडी बरी आहे ना?”

“तुह्या मायले काय धाड भरली? मी तुह्या भल्याचं सांगाले आलो.” तो खाटेवर बसला. “तू ऑस्ट्रेलियाले जा. जावयाले मी समजावतो. आता पोरीनं मागं राहाचा जमाना नाही राह्यला.”

“आजच काहून आठवलं बापू?”

त्यानं सरळ सांगून टाकलं. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. “तू तिकडं गेली की मोजणीत येते. मग माहं काम होते.”

उर्वशी आत गेली. चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात दिला आणि समोर जमिनीवर बसली.

“मागच्या साली पुन्हा आलतं बोलावणं,” ती म्हणाली. “हे तर तयारच होते. बॅगासुद्धा आणल्या होत्या.”

“मग?” भीमराज पुढं सरकला.

“तुमचं हृदयाचं झालं ना तेव्हाच. तुम्ही भरती होते तवरोक मी तुमच्यापाशीच होती. मग वाटलं, उद्या पुन्हा काही झालं तर तुम्हाले पाहाले इथं कोण आहे? नाही म्हणून कळवून टाकलं.” तिनं पेढ्याचा पुडा बाजूला सरकवला. “आता नाही जायचं मले.”

भीमराजला दवाखाना आठवला. उशापाशी बसून डुलक्या खाणारी, नळी हलली तरी खडबडून जागी होणारी उर्वशी आठवली. घरी आल्यावर मात्र त्यानं तांडाभर सांगितलं होतं, की संजयनं तिकडून डॉक्टरला व्हिडिओ कॉल केला म्हणून आपण वाचलो.

त्याचा कप ओठाशी थांबला. उर्वशीच्या कानाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. ते त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. कप खाली ठेवून त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“बाई,” तो म्हणाला. इतक्या मायेनं त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती. “जयाचा पासपोर्ट काढाले किती दिवस लागतील?”