तड्यावरची काच

भुयारी रेल्वेचा दुसरा मार्ग खणायला घेतला आणि वर शिंपिणीच्या भिंतीला तडा गेला. कंपनीच्या साहेबानं तड्यावर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवली आणि बजावलं, "घर हललं तर ही फुटेल. तोवर कांगावा नको." पंधरा दिवसांत दार लागेनासं झालं, फरशी उचकटली, पण काच काही फुटेना. आज साहेब काचेवर टिचकी मारून हसला. "बघा बाई, ठणठणीत! भूकंप तुमच्या डोक्यातच होतोय." शिंपीण शिवणयंत्रावरून उठली. "पहिल्या दिवशी तुमची पाठ वळताच ओल्या सिमेंटमध्ये मी अंगठा दाबला होता. ठसा कुठाय?" सिमेंट गुळगुळीत होतं. "मी कपडे पोचवायला गेले की काच बदलता होय?" साहेबाचा चेहरा पडला. "नवी लावतो," तो पुटपुटला. "लावा की! या खेपेला अंगठा तुमचा दाबा, आणि ती फुटेपर्यंत याच भिंतीखाली बसा."