पुलाची सुट्टी

करंजवड्याचा पूल दर मंगळवारी सुट्टीवर असे. त्याच्या नव्या धातूला चोवीस तास निवांत मिळाले, की आठवडाभराच्या हादऱ्यांनी पडलेल्या बारीक भेगा आपोआप भरून येत. पण महिनाभर तनुजाच्या पडद्यावर उलटंच दिसत होतं: सुट्टी संपली की पूल जास्तच थकलेला. असंच चाललं, तर तो पाडावा लागणार होता. शेवटी एका मंगळवारी ती इंजिनिअरबाई स्वतःच येऊन थडकली.

पुलावर हलगी कडाडत होती. साठ माणसं एका तालात पाय आपटत लेझीम खेळत होती.

"पूल आज मोकळा असतोय न्हवं, मॅडम," म्होरके हणमंतनाना घाम पुसत म्हणाले. "गाडी न्हाई, घोडं न्हाई. म्हटलं, त्यालाबी जरा करमणूक!"

तनुजाने कपाळावर हात मारला. "नाना, तुमच्या एकेका ठेक्याला त्याची भेग वाढते! ही सुट्टी त्याची आहे, तुमची नाही."

नानांचा चेहरा पडला. चहाची किटली घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोला, शालनकाकूंना मात्र हसू आवरेना. "सुट्टीच्या दिवशी पाव्हणं आलं की कसली सुट्टी? तीस वर्सं हेच सांगतीया मी."

पुढच्या मंगळवारी संध्याकाळपर्यंत बहुतेक भेगा भरून आल्या. तनुजाने आनंदाने नानांना फोन लावला. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"काकूंना द्या ना जरा."

"ती पुलावर हाय, पाय पसरून बसलीया," नाना म्हणाले. "एकटीच हाय, मॅडम. तेवढं चालंल न्हवं त्याला?"