वेळशीचा किनारा

समुद्र चढल्यापासून सागरी महामार्गाला उंच भिंत होती. किनारा दिसायचा तो फक्त बसच्या काचांवर, जुन्या चित्रणातून. कुठल्या गावाचं काय दाखवायचं, ते सहली आखणारी ऋजुता ठरवायची.

आज वेळशी आलं. तिचंच गाव. पडद्यावर सुरूच्या बनापाशी, वाळूत, तिचे वडील केशवबुवा कीर्तनाला उभे होते. हातात चिपळ्या, गळ्यात हार, समोर पन्नासेक माणसं.

"ऋजुताताई, माणसं पुसा हो," शेजारी बसलेले तिचे सहकारी गोडबोले म्हणाले. "निसर्गप्रेमींची सहल आहे. गर्दी बघायला कोण येतंय?"

"ते माझे बाबा आहेत. त्यांचं एवढंच चित्रण उरलंय."

"अरेरे! मग वेळशी गाळा. थेट पुढची खाडी घेऊ."

गाळलेलं गाव पुन्हा कुठल्याच बसला दिसत नसे आणि पुसलेलं माणूस परत येत नसे. ऋजुताने गाव ठेवलं. माणसं पुसायची कळ दाबली.

आधी श्रोते गेले, मग बुवा. लाटा राहिल्या, बगळे राहिले. आणि निसर्गात मोडतो म्हणून कीर्तन ऐकायला बसलेला एक कुत्राही राहिला, रिकाम्या वाळूकडे मान वर करून, कान टवकारून.