पहिल्या घोटाची पारख

कॉफीची हातचक्की पसंत करायला काकासाहेबांनी शहागंजात जेवढे जोडे झिजवले, तेवढे बायको पसंत करतानाही झिजवले नव्हते. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी ते चक्की मांडीत धरून बसायचे, मनगट भरून येईस्तोवर दांडा फिरवायचे, आणि दळलेली पावडर द्वारकाबाईंच्या हवाली करून कपाची वाट बघायचे.

"पुडीतली कॉफी मला डोळे बांधून पाजा, पहिल्याच घोटाला ओळखीन," असं ते सांगायचे. सगळी गल्ली माना डोलवायची. द्वारकाबाई तर म्हणायच्या, "यांची जीभ म्हणजे काय, सोनाराचा काटाच."

त्या दिवशी "ताजं दळण ते ताजं दळण" असं पुटपुटत काकासाहेब रिकामा कप ठेवायला आत गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीशी शेजारच्या सगीराआपा द्वारकाबाईंशी भांडत होत्या.

"भाऊ दळतात ते जाडंभरडं तुम्ही साऱ्या गल्लीच्या कुंड्यांना वाटता, मग माझ्याच मोगऱ्यानं काय घोडं मारलंय? भाऊ तर पुडीतल्या कॉफीवरच खूश हायेत."